वेब सर्व्हिस शोधायला कोणती क्वेरी लँग्वेज? यूडीडीआय, एक्सक्वेरी की स्पार्कल?

गोरेवाडा | २४ मे, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

मी परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी करतो. आमच्याकडे गेल्या पंधरा-सोळा वर्षांत निरनिराळ्या ग्राहकांसाठी लिहिलेल्या वेब सर्व्हिस (एका प्रोग्रामने नेटवर्कवरून दुसऱ्याला काम सांगायची सोय) साठल्या आहेत. परवा मोजल्या तर ४१२ भरल्या. त्यातल्या अडीचशेच्या वर जुन्या, सोपवाल्या (एक्सएमएलमध्ये निरोप पाठवायची जुनी पद्धत). म्हणजे प्रत्येकीचं वर्णन करणारी एक डब्ल्यूएसडीएल फाइल (आम्ही सगळे विझडल म्हणतो). उरलेल्यांचं वर्णन ओपनएपीआय या नव्या पद्धतीच्या फाइलींत आहे.

गेल्या महिन्यात असं लक्षात आलं की पिनकोड दिला की जिल्हा सांगणारी सर्व्हिस तीन टीमनी तीनदा लिहिली आहे. तिन्ही टीम एकाच मजल्यावर बसतात. आधीची आहे हे कुणाला सापडलंच नाही. मला याचं फार वाईट वाटलं, कारण तिसरी मी लिहिली आहे.

आता कॅटलॉग करायचं काम मी मागून घेतलं आहे. साठवायचं कसं ते सुचतंय, पण शोधायचं कोणत्या भाषेत यावर अडलोय. तीन रस्ते दिसतात:
यूडीडीआयची रजिस्ट्री, म्हणजे सर्व्हिसची नोंदवही (तिचं जेयूडीडीआय हे सॉफ्टवेअर चालवून पाहिलं), फाइली एक्सएमएल डेटाबेसमध्ये टाकून एक्सक्वेरी (एक्सएमएलला प्रश्न विचारायची भाषा), किंवा सगळ्याचं आरडीएफ (गोष्टी आणि त्यांची नाती लिहायची पद्धत) करून स्पार्कल (त्या नात्यांच्या जाळ्याला विचारायची भाषा).

ज्यांनी हे खरोखर वापरलंय त्यांनी कृपया सांगा. पुस्तकी तुलना वाचून झाली आहे, अनुभव हवे आहेत.

तर्री_पोहे | २४ मे, रात्री १०.४१

नवतप्याच्या तोंडावर काय धागा काढला भाऊ! कूलरची टाकी भरून येतो अन् बसतो वाचत. जाणकारांनी लिहा.

बर्डीवाला | २४ मे, रात्री ११.३०

गोरेवाडा, तुमचा प्रश्न वाचून एकदम २००३-०४ डोळ्यांपुढे आलं. यूडीडीआयवर मी तीन वर्षं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

यूडीडीआय सप्टेंबर २००० मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी मिळून जाहीर केलं. कल्पना टेलिफोन डिरेक्टरीची. पांढऱ्या पानांत कंपनीचं नाव-पत्ता, पिवळ्या पानांत धंद्याचा प्रकार, हिरव्या पानांत सर्व्हिसला जोडायचं कसं याचा तपशील. साऱ्या जगासाठी एक सार्वजनिक रजिस्ट्रीही होती. ती जानेवारी २००६ मध्ये बंद केली.

याला क्वेरी लँग्वेज म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चार-पाच ठरलेले कॉल आहेत: बिझनेस शोधा, सर्व्हिस शोधा, बाइंडिंग (जोडायचा पत्ता) शोधा, टी-मॉडेल (तांत्रिक वर्णनाची नोंद) शोधा. हाती येतात नावं आणि किल्ल्या. तपशील हवा तर पुन्हा वेगळा ‘गेट’ कॉल. नावात टक्क्याचं चिन्ह घालून अर्धवट शब्दावर शोधता येतं, तेवढं बरं. पण कॅटेगरी बॅगमध्ये (वर्गांच्या पिशवीत) तीन-चार वर्ग टाकले की एक तर सगळे जुळले पाहिजेत, नाहीतर कुठलाही एक जुळला तरी चालेल, नाहीतर फार तर एकाच वर्गवारीतल्यांत ‘किंवा’ आणि वेगळ्या वर्गवाऱ्यांत ‘आणि’. ‘महाराष्ट्रातला विमा, किंवा मध्य प्रदेशातली बँक’ असा कंस घालून विचारायची सोयच नाही. दोनदा विचारायचं आणि दोन्ही याद्या आपल्या कोडात जुळवायच्या. आमचा निम्मा कोड त्यातच गेला.

याहून मोठं दुखणं पुढे आहे. टी-मॉडेल म्हणजे विझडलकडे दाखवलेलं नुसतं बोट. आत ऑपरेशन कोणती, काय घेतात, काय देतात, हे रजिस्ट्रीला दिसतच नाही. डिरेक्टरीत मिठाईचं दुकान सापडतं, पण तिथे संत्रा बर्फी मिळते का ते दुकानात जाऊनच विचारावं लागतं. तुमचा पिनकोडचा प्रश्न नेमका बर्फीचा आहे.

त्याच काळात ईबीएक्सएमएल या दुसऱ्या मानकाच्या रजिस्ट्रीत एसक्यूएलच्या (डेटाबेसच्या नेहमीच्या क्वेरी भाषेच्या) धाटणीने विचारता यायचं. ते वापरून पाहिलं तेव्हा हायसं वाटलं होतं.

तेव्हा आम्ही एक वही केली होती. कोणत्या सर्व्हिसला कोणता शब्द लावायचा, त्याला दुसरं नाव काय, तो कशाच्या पोटात येतो, असं सगळं हाताने लिहिलेलं. रजिस्ट्री कधीच गेली, वही अजून कपाटात आहे.

निशिगंधा | २५ मे, सकाळी ९.०५

बर्डीवाला यांचा प्रतिसाद फार माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

मी एक्सक्वेरीच्या बाजूने लिहिते, कारण रोज त्यातच असते. विझडल हे एक्सएमएल, त्यामुळे फाइल जशी आहे तशी डेटाबेसमध्ये टाका आणि विचारा. काही रूपांतर करायचं नाही, काही नव्याने लिहायचं नाही, हा मोठा फायदा. बर्फीपर्यंत थेट पोचता येतं.

पण रस्ता लांबचा आहे, तो आधीच सांगते. ‘पिनकोड घेणारं ऑपरेशन’ शोधायचं तर विझडल १.१ मध्ये असं चालावं लागतं: पोर्टटाइप (ऑपरेशनांचा गट), त्यात ऑपरेशन, त्याचा इनपुट, इनपुटमध्ये मेसेजचं नाव. ते नाव घेऊन फाइलच्या दुसऱ्या टोकाला मेसेज शोधा, मेसेजचा पार्ट, पार्टमध्ये एलिमेंटचं नाव, ते घेऊन स्कीमात (डेटाच्या साच्यात) जा. आणि स्कीमा बहुतेक वेळा दुसऱ्याच एक्सएसडी फाइलमध्ये असते. एका प्रश्नाला तीन जॉइन (जोडण्या) झाले.

यातला एक काटा सगळ्यांच्या पायात मोडतो. मेसेजचं नाव ॲट्रिब्यूटमध्ये ‘टीएनएस कोलन अमुक’ असं लिहिलेलं असतं. आपल्याला वाटतं, कोलनच्या पुढचा भाग काढला की झालं. पण ‘टीएनएस’ हे त्या फाइलपुरतं टोपणनाव आहे. दुसऱ्या फाइलमध्ये तेच टोपणनाव वेगळ्याच नेमस्पेसला (नावांच्या कुळाला) दिलेलं असतं. एक्सक्वेरीला ॲट्रिब्यूटची किंमत म्हणजे साधा मजकूर. म्हणून ‘रिझॉल्व्ह क्यूनेम’ फंक्शनने त्या एलिमेंटच्या जागेवर उभं राहून खरं नाव काढावं लागतं. हे न करता माझी पहिली क्वेरी उत्तरं भरपूर द्यायची, आणि त्यातली बरीच चुकीची असायची. चुकीची आहेत हे कळायला मला दोन आठवडे लागले.

ओपनएपीआय फाइलींसाठी एक्सक्वेरी ३.१ घ्या. २०१७ पासून त्यात जेसन (डेटा लिहायची एक पद्धत, ओपनएपीआय फाइली त्यात असतात) वाचता येतं. तिथे ‘डॉलर रेफ’च्या (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीच्या) मागे जावं लागतं, काटा तोच, रूप वेगळं.

वैनगंगा | २५ मे, दुपारी १.१५

निशिगंधा, तुमचं सगळं मान्य, पण शेवटी तुम्ही शोधताय अक्षरंच. एका फाइलमध्ये ‘पिन’, दुसरीत ‘पोस्टल कोड’, तिसरीत कुणीतरी अमेरिकन ग्राहकासाठी ‘झिप’ लिहिलेलं. गोरेवाडा यांच्या तीन टीमना एकमेकांची सर्व्हिस सापडली नाही ती यामुळेच असणार.

एक्सएमएलच्या झाडात शोधणं वेगळं आणि अर्थाच्या जाळ्यात शोधणं वेगळं. आरडीएफ केलं की ‘हा इनपुट म्हणजे पिनकोड ही संकल्पना’ असं एकदा लिहायचं आणि पुढे स्पार्कलने संकल्पनेवर विचारायचं. यासाठी २००४ मध्ये आउल-एस (सर्व्हिसचा अर्थ लिहायची पद्धत) डब्ल्यू३सीकडे (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे) सादर झालं, २००७ मध्ये सॉ-विझडल (विझडलला अर्थ जोडायची पद्धत) ही शिफारस आली. सॉ-विझडलमध्ये तर मूळ फाइलला हात कमीच लागतो, फक्त ‘मॉडेल रेफरन्स’ नावाचं एक ॲट्रिब्यूट घालायचं.

आणि जुळणी फक्त होय-नाही नसते. पाओलुची आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तिच्या चार पायऱ्या मांडल्या. आउटपुट घेऊन सांगतो. मला संत्रा हवा आणि सर्व्हिस संत्राच देते, तर इग्झॅक्ट. मला संत्रा हवा आणि सर्व्हिस म्हणते मी फळं देते, तर प्लग-इन, म्हणजे बहुतेक काम होईल. मला फळं हवीत आणि सर्व्हिस फक्त संत्री देते, तर सब्स्यूम्स, अर्धं काम. यातलं काहीच नाही, तर फेल. हा क्रम लावून उत्तरं मिळाली की शोधणाऱ्याचा जीव शांत होतो. एक्सक्वेरीत असा क्रम आपसूक कुठून येणार?

निशिगंधा | २५ मे, दुपारी १.५०

आपसूक येणार नाही, पण लिहिता येतो. एक्सक्वेरीत रिकर्सिव्ह फंक्शन आहे, वर्ग-पोटवर्गाची साखळी मी त्यानेच चालते. उलट २००८ च्या पहिल्या स्पार्कलमध्ये कितीही पायऱ्या वर चढा असं म्हणताच येत नव्हतं. प्रॉपर्टी पाथ (नात्यांच्या साखळीवर चालायची सोय) २०१३ च्या १.१ मध्ये आले.

वैनगंगा | २५ मे, दुपारी २.१०

बरोबर. १.१ च्या आधी आम्ही रीझनर (लिहिलेल्या नात्यांवरून पुढची नाती काढणारं सॉफ्टवेअर) लावून सगळी नाती आधीच काढून ठेवायचो. आता ‘कितीही पायऱ्या’ या अर्थाच्या एका तारकेत (*) काम होतं.

पेन्शनर_धरमपेठ | २५ मे, दुपारी ४.३०

वैनगंगा यांच्या संत्र्यांत एक भर घालतो. त्या मांडणीत मागितलेली गोष्ट सर्व्हिसच्या वर्गाचा थेट पोटवर्ग असेल तर तीही इग्झॅक्टच धरतात. म्हणजे संत्रा थेट ‘फळ’ याखाली लिहिला तर तुमचं प्लग-इनचं उदाहरण इग्झॅक्ट होईल. मध्ये ‘लिंबूवर्गीय’ घातलं की प्लग-इन. आणि इनपुटला दिशा उलटी फिरते, कारण तिथे देणारे आपण असतो. मी हे शिकवत असताना दरवर्षी मुलं इथेच अडखळायची, म्हणून लिहिलं.

वैनगंगा | २५ मे, दुपारी ४.४२

सर, धन्यवाद. लिंबूवर्गीय घातलं असं समजा.

बर्डीवाला | २५ मे, रात्री ९.४०

वैनगंगा, एक गोष्ट मनापासून विचारतो. ४१२ सर्व्हिसना ते ‘मॉडेल रेफरन्स’ कोण लावणार? आमची रजिस्ट्री तांत्रिक कारणाने बंद पडली नाही. लोकांनी वर्ग भरणंच सोडलं. ‘इतर’ नावाचा एक वर्ग होता, शेवटी शेवटी निम्म्या नोंदी त्यात होत्या. क्वेरी कितीही चांगली असो, भरलेलंच नसेल तर ती बिचारी काय शोधेल?

फुटाळा_संध्याकाळ | २५ मे, रात्री १०.१५

मी कुबरनेटिसवर (सर्व्हरवरचे प्रोग्राम चालवून सांभाळणाऱ्या प्रणालीवर) काम करून राहिलो, सोपशी माझा संबंध आला नाही. आमच्याकडे सर्व्हिसला लेबल लावतात अन् सिलेक्टरने शोधतात. इतकी वर्षं मला वाटायचं की हे नवीन आहे, पण बर्डीवाला काकांनी लिहिलेलं वाचून चाटच पडलो. आमच्या सिलेक्टरमध्ये स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’. एकाच लेबलच्या दोन किमती ‘इन’ लिहून चालतात, पण दोन वेगळ्या लेबलांमध्ये ‘किंवा’ म्हणता येत नाही. कॅटेगरी बॅगच झाली की ही!

फक्त एक फरक आहे. आमचा सिलेक्टर हा चालू सर्व्हिस शोधायला, तोही यंत्राने. गोरेवाडा भाऊंना माणसाने शोधायची सर्व्हिस हवी आहे, कोड लिहायच्या आधी. दोन्हीला शोध म्हणतात म्हणून घोळ होतो.

बर्डीवाला | २५ मे, रात्री १०.२६

वा! म्हणजे आमची पिशवी अजून फिरते आहे. ऐकून बरं वाटलं. आणि चालू असलेली सर्व्हिस आणि लिहिण्याआधीची सर्व्हिस, हा फरक तुम्ही फार नेमका दाखवलात.

इतवारी_लाइन | २६ मे, सकाळी ७.५०

मी सीसीटीव्हीची कामं घेतो, पण चालू सर्व्हिस शोधायचा विषय निघाला म्हणून सांगतो. ऑनव्हिफवाले (कॅमेऱ्यांचं सामाईक मानक पाळणारे) कॅमेरे डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने (नेटवर्कवर हाक मारून शोधायच्या पद्धतीने) सापडतात. २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पोचणाऱ्या) पत्त्यावर, पोर्ट ३७०२ ला एक ‘प्रोब’ सोडायचा: या प्रकारचं कुणी आहे का? असेल तो हो म्हणतो. विचारायला दोनच गोष्टी, टाइप आणि स्कोप. स्कोप हा पत्त्यासारखा असतो, सुरुवातीचा भाग जुळला की पुरे. ‘इतवारी, गोदाम’ विचारलं की ‘इतवारी, गोदाम, मागचं दार’ हो म्हणतो.

मागच्या दिवाळीत एका धान्याच्या दुकानात १६ कॅमेरे लावले, प्रोबला उत्तर आलं ११ चं. अर्धा दिवस शिडीवर चढ-उतर केली. कॅमेरे सगळे चांगले होते. पाच जण दुसऱ्या सबनेटवर (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) होते आणि मल्टिकास्ट राउटर ओलांडून गेलाच नव्हता. सांगायचं एवढंच की उत्तर आलं नाही म्हणजे सर्व्हिस नाही, असं समजू नका.

वैनगंगा | २६ मे, सकाळी ९.३०

इतवारी_लाइन यांचं शेवटचं वाक्य मी आमच्या टीमच्या फळ्यावर लिहिणार आहे. स्पार्कलमध्येही हेच. ‘जिला लॉगिन लागत नाही अशी सर्व्हिस द्या’ असं ‘नॉट एग्झिस्ट्स’ने विचारलं की ज्यांनी लॉगिनची माहिती भरलेलीच नाही त्याही येतात. नोंद नसणं आणि गोष्ट नसणं वेगळं. आउलचा (संकल्पना आणि नाती लिहायच्या भाषेचा, आउल-एस तिच्यावरच उभं) सगळा पायाच त्यावर आहे, पण क्वेरी लिहिताना आपण विसरतो.

नकाशावाली | २६ मे, दुपारी १२.२०

जीआयएसवाल्यांचा (संगणकावर नकाशे करणाऱ्यांचा) अनुभव टाकते, कारण सर्व्हिस शोधायच्या बाबतीत आमची मंडळी बरीच पुढे आहेत असं मला वाटतं. आमच्याकडे ओजीसीचं (नकाशांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं) कॅटलॉग मानक आहे, सीएसडब्ल्यू. त्यात एकच प्रश्न दोन प्रकारे लिहिता येतो: सीक्यूएल म्हणजे एका ओळीत वाचता येईल असा मजकूर, नाहीतर फिल्टर एन्कोडिंग म्हणजे तेच सगळं एक्सएमएलमध्ये. माणसाला सीक्यूएल बरं, प्रोग्रामला फिल्टर. कंस, आणि, किंवा, नाही, सगळं आहे. शिवाय ‘या चौकोनाला स्पर्श करणारी’ असं ठिकाणावरून विचारता येतं. मृदा नकाशा देणारी, नागपूर जिल्हा व्यापणारी सर्व्हिस द्या, एवढं एका दमात.

पण इथेही काटा आहेच. नागपूर साधारण २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. काही ठिकाणी अक्षांश आधी लिहायचा, काही ठिकाणी रेखांश. संदर्भप्रणालीचं नाव कोणत्या पद्धतीने लिहिलंय त्यावर ते ठरतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी अदलाबदल झाली आणि शून्य उत्तरं आली. दोन दिवसांनी तो चौकोन नकाशावर काढून पाहिला. ७९ उत्तर, २१ पूर्व म्हणजे स्वालबार्ड! बर्फात काळी माती शोधत होते.

तर्री_पोहे | २६ मे, दुपारी १२.३१

४५ डिग्रीत बसून स्वालबार्ड वाचलं, अन् खरंच गार वाटलं. धन्यवाद ताई.

सेमिस्टर_सात | २६ मे, दुपारी ३.००

नमस्कार, मी इंजिनिअरिंगला आहे. ग्राफक्यूएल पण क्वेरी लँग्वेज आहे ना? मग ते का नाही?

निशिगंधा | २६ मे, दुपारी ३.२०

चांगला प्रश्न. ग्राफक्यूएलने सापडलेल्या सर्व्हिसच्या आतला डेटा मागतात. सर्व्हिस कुठली, हे आधी माहीत असावं लागतं. मात्र त्यात इंट्रोस्पेक्शन आहे. तिलाच विचारता येतं की तुझ्याकडे कोणते टाइप, कोणती फील्ड आहेत. कॅटलॉग भरायला ते फार सोयीचं. भरायला, शोधायला नाही.

गोरेवाडा, तुम्ही गप्प आहात. एक सुचवू का? भाषा ठरवायच्या आधी तुमच्या मजल्यावर फिरा आणि लोकांना विचारा की तुम्हाला शेवटची सर्व्हिस शोधायची होती तेव्हा नेमकं काय शोधत होता. त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. मग प्रत्येक वाक्य तिन्ही भाषांत लिहून बघा.

गोरेवाडा | ३१ मे, रात्री ९.१५

उशीर झाला, माफ करा. निशिगंधा ताईंनी सांगितलं तसं केलं. वही घेऊन तीन दिवस फिरलो, २० प्रश्न मिळाले. काही इथे लिहितो.

‘पिनकोडवरून जिल्हा.’ ‘ग्राहक क्रमांक आणि तारीख घेणारं काहीही.’ ‘खाते क्रमांक देऊन रक्कम.’ ‘ती पीडीएफ देणारी, गेल्या वर्षी सुट्टीवर गेलेल्या मुलाने लिहिलेली.’ ‘पत्ता किंवा पिन घेणारी आणि अक्षांश-रेखांश देणारी.’ ‘ही सर्व्हिस अजून कुणी वापरतं का?’

मग एकेक प्रश्न लिहून पाहिला. यूडीडीआयमध्ये नावावरून अंदाज बांधून चार-पाच निघाले, बाकी नाहीच. एक्सक्वेरीत १३ निघाले, पण दर वेळी पोर्टटाइप ते स्कीमा ती यात्रा करावी लागली आणि ओपनएपीआयसाठी तोच प्रश्न वेगळा लिहावा लागला. स्पार्कलमध्ये क्वेरी चार-पाच ओळींची झाली, सगळ्यात सोपी. पण ती चालवायच्या आधी आरडीएफ भरायला दोन दिवस गेले, तेही फक्त ३० सर्व्हिसचं. बर्डीवाला काकांची शंका अगदी खरी आहे.

आणि एक गोष्ट अशी निघाली की रात्रभर डोक्यातून जाईना. पिनकोडच्या त्या तीन सर्व्हिस क्वेरीला एकसारख्या दिसतात. इनपुट पिनकोड, आउटपुट जिल्हा. उघडून पाहिल्या. दोघी एकच जिल्हा देतात, उरलेली एक यादी देते. पोस्टाच्या हद्दी आणि जिल्ह्यांच्या हद्दी जुळत नाहीत, काही पिनकोड दोन जिल्ह्यांत पसरलेले असतात. म्हणजे दोन सर्व्हिस सीमेवरच्या गावांना चुकीचा जिल्हा देत होत्या, आणि त्यातली एक माझी. मी ज्यांना जुळं समजत होतो ती जुळी नव्हतीच.

पेन्शनर_धरमपेठ | १ जून, सकाळी ६.४५

गोरेवाडा, शाब्बास. तुम्ही ज्या ठिकाणी पोचलात तिथे हा विषय खरा सुरू होतो.

तुमचाच आणखी एक प्रश्न घ्या: खाते क्रमांक देऊन रक्कम. एक सर्व्हिस शिल्लक सांगते, दुसरी कर्जाची थकबाकी सांगते, तिसरी त्या खात्यातून पैसे वळते करून वळती केलेली रक्कम सांगते. तिघींची सिग्नेचर (काय घेते, काय देते) एकच. इनपुट-आउटपुटवर जुळवाल तर तिन्ही इग्झॅक्ट येतील, आणि तिसरी चुकून चालवली तर पैसे जातील. म्हणून आउल-एसमध्ये इनपुट आणि आउटपुटच्या जोडीला प्रीकंडिशन आणि इफेक्ट ठेवले: चालवण्याआधी काय खरं असावं, चालवल्यावर जगात काय बदलेल. ते तर्कशास्त्राच्या भाषेत पूर्ण लिहिणं अवघड, हे कबूल. पण ‘नुसतं वाचते की काही बदलते’ एवढा एक रकाना भरलात तरी मोठा अपघात टळेल. आणि आउटपुट एक की अनेक, हा दुसरा.

वैनगंगा | १ जून, सकाळी १०.००

सरांना अनुमोदन. आणि बर्डीवाला, तुमच्या त्या प्रश्नाने मला आठवडाभर अस्वस्थ केलं. माझं मत थोडं बदललंय. पूर्ण आउल ऑन्टॉलॉजी (संकल्पना आणि नात्यांची सविस्तर मांडणी) करू नका. स्कॉस (शब्दसंग्रह लिहायची साधी पद्धत) घ्या, २००९ ची शिफारस आहे. त्यातलं फक्त एवढंच वापरा: संकल्पनेचं मुख्य नाव, पर्यायी नावं, आणि कशाच्या पोटात येते. ‘पिनकोड’ मुख्य, ‘पोस्टल कोड’ आणि ‘झिप’ पर्यायी, वर ‘पत्त्याचा भाग’. दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर येईल. स्पार्कलला वर चढायला तीच तारका पुरते.

निशिगंधा | १ जून, सकाळी १०.२५

आणि विझडल-ओपनएपीआयमधून ऑपरेशन, इनपुट, आउटपुट बाहेर काढायला माझी एक्सक्वेरी लावा. ती यात्रा प्रत्येक फाइलसाठी एकदाच करायची, रोज शोधताना नाही. क्यूनेम (ती ‘टीएनएस’वाली नावं) मात्र नीट सोडवा!

फुटाळा_संध्याकाळ | १ जून, सकाळी ११.१०

‘अजून कुणी वापरतं का’ याचं उत्तर कुठल्याच वर्णनात भेटणार नाही भाऊ. ते गेटवेच्या (सगळ्या विनंत्या जिथून जातात त्या दाराच्या) लॉगमध्ये आहे. रोज रात्री लॉगमधून शेवटची वापरल्याची तारीख उचला अन् त्याच ग्राफमध्ये टाका.

गोरेवाडा | ९ जून, रात्री ८.५०

सगळ्यांचं ऐकून असं ठरवलं. एक्सक्वेरीने फाइलींमधून माहिती काढायची, छोट्या ग्राफमध्ये टाकायची: सर्व्हिस, ऑपरेशन, इनपुट, आउटपुट, एक की अनेक, वाचते की बदलते, मालक कोण, शेवटची कधी वापरली. शोध स्पार्कलने. लोकांसमोर मात्र फक्त एक खोका, ‘काय देणार’ आणि ‘काय हवं’. क्वेरी मागे आपोआप तयार होते. यूडीडीआय सोडलं. दोन चुकीच्या पिनकोड सर्व्हिस बंद करायला दिल्या आहेत, माझी पहिली.

१२० सर्व्हिस भरून झाल्या. काल खालच्या मजल्यावरची एक मुलगी आली. तिने ‘झिप’ लिहिलं आणि यादीवाली सर्व्हिस तिच्यापुढे आली. ती चौथी लिहायला बसणार होती.

आता अडचण शब्दांची आहे. सव्वादोनशे वेगवेगळी नावं निघाली आहेत आणि कोणतं कशाच्या पोटात घालायचं ते मला एकट्याला उमगत नाही.

बर्डीवाला | ९ जून, रात्री ९.३०

माझी ती वही काढली कपाटातून. पानं पिवळी पडलीत, पण अक्षर लागतंय. नव्वदेक शब्द आहेत, विमा आणि बँकेचे जास्त. प्रत्येकापुढे दुसरी नावं आणि तो कशाखाली येतो ते लिहिलंय. ‘इतर’ या वर्गावर तेव्हाच काट मारली होती. शनिवारी घेऊन येऊ का तुझ्याकडे?

गोरेवाडा | ९ जून, रात्री ९.३४

या ना काका. गेटवर तुमचं नाव सांगून ठेवतो.

तर्री_पोहे | ९ जून, रात्री ९.४०

शनिवारी मीही येतो. टायपिंग चांगलं आहे माझं, वही उतरवून देतो. येताना पोहे आणतो सगळ्यांसाठी.